कुठपर्यंत आलो?

शेवगावच्या स्टँडवर नगरची गाडी लागली की सगळा गाव दाराकडं धावायचा. साळवे सर दाराकडं बघायचेसुद्धा नाहीत. ते सावकाश गाडीच्या कडेनं चालत तिसऱ्या खिडकीशी जायचे, टाचा उंच करायचे आणि घडी घातलेला पांढरा रुमाल आत सीटवर टाकायचे. मग हात मागं बांधून गर्दी ओसरायची वाट बघत उभे. सगळ्यात शेवटी दोघं चढायची, पुढं त्यांची बायको, म्हणजे सिस्टर, मागं सर. रुमाल उचलून सिस्टरना खिडकीशी बसवायचं आणि आपण शेजारी बसायचं. त्या रुमालावर दुसरं कुणी बसलंय असं मी कधी पाहिलं नाही. कॉलेजात सरांच्या तासाला पोरं दंगा करायची, पण स्टँडवर त्यांच्या रुमालाला मान होता.

सर आमच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. मी तिथंच केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक होते. माझ्या प्रयोगशाळेतला चहा बरा असायचा, म्हणून मधल्या सुट्टीत सर तिथं यायचे आणि बीकरमधला चहा पितोय म्हणून रोज एकदा तरी तोंड वाकडं करायचे. त्यांच्या बायकोचं नाव विमल. पण आरोग्य केंद्रात वीस-बावीस वर्षं नर्स म्हणून काढल्यामुळं सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा, सरसुद्धा. मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावर हळहळलं की सिस्टर म्हणायच्या, "अर्ध्या तालुक्याची पोरं माझ्या हातावर झालीत. घरात आनखी कशाला गर्दी?" हे म्हणताना त्या हसायच्या आणि मला ते हसू आवडायचं नाही.

सिस्टरच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापात खराब झाली होती. आरोग्य केंद्राच्या चार पायऱ्या चढल्या तरी त्या कठड्याला धरून उभ्या राहायच्या. त्यांच्या मनात एकच होतं. एकदा बोधगयेला जायचं. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या वडिलांच्या तोंडून त्यांनी तिथल्या बोधीच्या झाडाचं नाव ऐकलं होतं. वडील काही जाऊ शकले नाहीत. मी एकदा विचारलं, तिथं जाऊन काय मागणार? तर म्हणाल्या, "मागायचं काय? चपला काढून नुसतं बसायचं. तितं कुनी येनार न्हाई ना, सिस्टर चला, कळा सुरू झाल्यात म्हणून."

नगरच्या डॉक्टरांनी मात्र सांगून ठेवलं होतं की रेल्वेचा दोन रात्रींचा प्रवास यांना झेपणार नाही. विमानानं गेलात तर चालेल, पण फार वर्षं थांबू नका. आता कॉमर्सचा मास्तर आणि सरकारी नर्स, दोघांच्या पगारावर भावा-बहिणींची पोरं शिकत होती. विमान आम्ही शेवगावात मान वर करूनच बघायचो. पण सर एवढंच म्हणाले, "घाई नाही. फक्त उशीर व्हायला नको." हे त्यांचं आवडतं वाक्य. परीक्षेचे पेपर गोळा करतानाही तेच.

मग ते क्रेडिट कार्ड आलं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. सरांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत बँकेत लागला होता. त्याला कार्डाची टार्गेटं पुरी करायची होती, त्यानं सरांच्या गळ्यात एक फॉर्म मारला. आख्ख्या तालुक्यात तसलं कार्ड दुसऱ्या कुणाकडं असेल असं मला वाटत नाही. कार्डासोबत एक इंग्रजी पुस्तिका होती. सरांनी ती पेन्सिलीनं खुणा करत तीनदा वाचली आणि चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन चहा न पिताच म्हणाले, "मंगलताई, या कार्डावर खरेदी केली की मैल मिळतात. मैल साठले की विमानाची तिकिटं."

"किती मैल लागतात?"

"दोघांना पाटण्यापर्यंत? आमच्या पगारात म्हणाल तर पंधरा-वीस वर्षं."

मी म्हटलं, झालं मग, पुस्तिका रद्दीत घाला. सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परीक्षेत नापास झालेय.

त्यांनी काढलेली वाट दुसऱ्या कुणाच्या डोक्यातच आली नसती. आमच्याकडं लग्न ठरलं की बस्ता असतो. दोन्हीकडची पन्नासेक माणसं टेम्पोत बसून नगरला कापडाच्या दुकानात जातात. नवरीचा शालू, नवरदेवाचा सफारी, करवल्यांचे कपडे, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं एका दिवसात, एका दुकानात, एका बिलात. नगरच्या एका मोठ्या दुकानात कार्ड चालायचं. सरांनी ठरवलं, ओळखीतला प्रत्येक बस्ता त्या दुकानात न्यायचा, बिल आपल्या कार्डावर करायचं, रोख त्यांच्याकडून घेऊन बँकेला वेळेवर भरायची. साड्या त्यांच्या, मैल आपले. सिस्टरना हे सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ हसत बसल्या. "म्हंजी दुसऱ्याच्या नवरीला साडी, आन विमानात मी?"

"कायदेशीर आहे," सर म्हणाले.

पहिला बस्ता आमच्या शिपायाच्या पुतणीचा. मी मुद्दाम गेले होते. सरांनी चष्म्याच्या डबीतून कार्ड काढलं. कार्डासाठी त्यांनी ती वेगळी डबी केली होती, चष्मा बिचारा खिशात उघडा. दुकानदार शेठनी गल्ल्याखालून एक लोखंडी यंत्र काढलं, कार्बनचा कागद घातला आणि दांडा इकडून तिकडं ओढला, खर्रर्र-खट. साड्या बघणाऱ्या सगळ्या बाया गप्प झाल्या. नवरीच्या आत्यानं विचारलं, "ह्यांनी पैशे न्हाई दिले, आन शेठ हसतोय कसा?" मग शेठनी परवानगीसाठी मुंबईला फोन लावला. तो तासभर लागेना. पन्नास माणसं, उन्हात टेम्पो, नवरदेवाचा मामा म्हणतोय की ह्या मास्तरानं आपल्याला वेठीला धरलंय. सर गल्ल्याशी हात मागं बांधून उभे, स्टँडवर उभे राहायचे तसेच. फोन लागला. मामांना सरांनी उसाचा रस पाजला.

आणि मग ती स्टेशनं सुरू झाली. जायचं विमानानं, पण सरांचा हिशोब रेल्वेच्या स्टेशनांचा. एवढे मैल झाले म्हणजे मनमाड, एवढे झाले म्हणजे भुसावळ. रोज संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडताना सिस्टर विचारायच्या, "कुठपर्यंत आलो?" आणि सर सांगायचे. बस्ता झाला नसेल तर, "खांडव्यालाच आहोत. सिग्नल मिळेना." लग्नसराईत गाडी भरधाव सुटायची आणि चातुर्मासात एकेका स्टेशनावर महिनोन्‌महिने उभी. मी संध्याकाळी तिथून गेले तर मलाही विचारायची सवय लागली होती.

स्टाफरूममध्ये लोक काहीबाही बोलायचे. साळवे दलाली करतो, कापडवाल्याकडून खातो. सर ऐकून घ्यायचे. एका बस्त्याला मात्र मला राग आवरला नाही. पाथर्डीकडचं मोठं बागाईतदार घर होतं. दुपारी दुकानाच्या माडीवर जेवणं होती. नवरदेवाची आजी हळूच म्हणाली, साळवे मास्तरांचं पान जरा पलीकडं वाढा. सरांचं कार्ड चाललं होतं, पंगत चालत नव्हती. सर मुकाट्यानं उठायला लागले. सिस्टरनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "आज्जी, ह्या नवरदेवाची नाळ मी कापलीय. पायाळू हुता, दोघं मायलेकरं जात हुती. तवा मला पलीकडं बसून कापा म्हणला न्हाई तुमी." सगळी पंगत खाली बघून जेवली. परतताना गाडीत सिस्टरना धाप लागली होती. सर म्हणाले, "जाऊ दे. इटारसी तर झालं." मला त्यांच्या त्या जाऊ देण्याचाही राग आला. मी तेव्हा तरुण होते, मला कशाचाही राग यायचा.

माझ्यावर वेळ आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. माझा धाकटा भाऊ सुनील फौजेत होता. कॉलेजच्या ऑफिसात फोन आला की त्यांची गाडी दरीत गेली, त्याला दिल्लीच्या दवाखान्यात आणलंय, घरच्यांनी ताबडतोब निघावं. रेल्वेचं आरक्षण नव्हतं. मिळालं असतं तरी पोचायला दोन दिवस. मी प्रयोगशाळेत स्टुलावर बसून राहिले. बर्नर पेटलेला होता आणि तो बंद करायचं मला सुचत नव्हतं. सर आले, त्यांनी आधी बर्नर बंद केला. "आई कुठं आहेत?" एवढंच विचारलं आणि गेले. दोन तास ते स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये उभे होते असं मला नंतर कळलं.

दुपारी सिस्टर आल्या. प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर, जिना उभा. वर आल्यावर पाच-दहा मिनिटं त्यांना बोलताच येईना, नुसता माझा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मंगल, कापडं भर. उद्या सकाळी पुन्यावरनं विमान हाय. तुजं आन आईचं. सरांनी नावं सांगितली."

मला सगळं ठाऊक होतं. गाडी मुगलसरायला आली होती. अजून एक बस्ता, फार तर दोन, की दोघांची तिकिटं झाली असती. मी म्हटलं, "सिस्टर, हे तुमचे मैल आहेत. मी नाही घेणार."

"गप बस. झाड कुठं चाललंय? अडीच हजार वरसं तितंच हाय. पोरगं थांबनार न्हाई."

मी घेतले. वरवर नको म्हटलं आणि घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी दिल्लीत होतो. सुनील शुद्धीवर होता. आईला बघून म्हणाला, "आई, तू एवढ्या लवकर कशी आलीस?" आई म्हणाली, "विमानानं." तो हसला. म्हणाला, "मी अजून बसलो न्हाई, तू माझ्याआधी बसलीस." आईनं त्याला चमच्यानं पाणी पाजलं, रात्रभर त्याच्या कपाळावर हात ठेवून बसली. सकाळी तो गेला. रेल्वेनं गेलो असतो तर आम्ही तेव्हा झाशीच्या अलीकडं कुठंतरी असतो. आई पुढं जितकी वर्षं जगली तितकी त्या पाण्याच्या चमच्यावर जगली, हे मी शपथेवर सांगेन.

परत आल्यावर मी सरांकडं गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. सरांनी विचारलं, "भेट झाली ना?" मी म्हटलं, झाली. "मग झालं," म्हणाले आणि आत पाणी आणायला गेले. त्या विषयावर ते पुढं कधी बोलले नाहीत. विमान कसं होतं, काय होतं, एक अक्षर नाही. मी तिथं बसले असतानाच सिस्टरनी नेहमीसारखं विचारलं, "कुठपर्यंत आलो?"

"शेवगावलाच आहोत," सर म्हणाले.

"बरं. घरातनं निघालोय तर ना? चपला घातल्यात का?"

दोघंही हसली. मला तिथं बसवेना.

नव्यानं सुरुवात झाली. सर आता परक्या गावांतले बस्तेही धरायला लागले. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, कुठंही. ऊन असो, ताप असो, चष्म्याची डबी खिशात. पण सिस्टर झपाट्यानं खालावत होत्या. पाय सुजायचे, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. एका पावसाळ्यात डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की आता विमानही नको. प्रवासच नको. सरांनी हे मला प्रयोगशाळेत सांगितलं, बीकर दोन्ही हातांत धरून. मी रागानंच विचारलं, "मग अजून बस्ते कशाला करता? परवा पाथर्डीला पुढचा बस्ता ठरवायला गेला होतात ना?"

"ती संध्याकाळी विचारते, मंगलताई. काहीतरी सांगावं लागतं. आणि खोटं सांगितलं तर तिला कळतं."

पुढच्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं, पुणतांब्याचं स्थळ. मी सासरच्यांना एकच अट घातली, बस्ता नगरच्या त्या दुकानातच आणि बिल सरांच्या कार्डावर. सासरे म्हणाले, पोरगी चमत्कारिक दिसते. दिसू दे. मी त्या दिवशी एकेक साडी महागातली उचलली. आई डोळे वटारत होती, मी बघितलंच नाही. वाटलं, जेवढं घेऊ तेवढी गाडी पुढं जाईल. मी गेलेल्या बस्त्यांत सिस्टर हजर नव्हत्या असा तो पहिला. शेठनी दांडा ओढला, खर्रर्र-खट. सरांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं आकडेमोड केली, दोनदा तपासली आणि हळू आवाजात म्हणाले, "गया."

संध्याकाळी साड्या दाखवायला मी त्यांच्या घरी गेले. सिस्टरनी शालूवरून हात फिरवला, जरीला नावं ठेवली. मग उशीला टेकून विचारलं, "कुठपर्यंत आलो?"

"पोचलो," सर म्हणाले.

सिस्टर त्यांच्याकडं बघत राहिल्या. "खरं?"

"खरं. कागद दाखवू?"

"नगं." त्यांनी शालूची घडी घातली. मग म्हणाल्या, "मंग उतरू या."

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण बावीस वर्षं नर्स होती ती बाई, तिला काय सांगायचं? माझ्या लग्नाला त्या आल्या नाहीत, अक्षता पाठवल्या. लग्नानंतर सोळाव्या दिवशी पुणतांब्याला निरोप आला.

सरांना मी शेवटचं पाहिलं तोवर मध्ये दीड-दोन वर्षं गेली होती. मी आईला न्यायला आले होते. शेवगावच्या स्टँडवर आईला बाकावर बसवून पाण्याची बाटली भरायला गेले तर नळाशी सर उभे. निवृत्त झाले होते. शर्टाला इस्त्री होती, पण तो अंगावर सैल झाला होता. इकडचं तिकडचं झालं. शेवटी मी धीर करून विचारलं, "सर, ती तिकिटं? तुम्ही तरी जाऊन आलात का?"

"नाही. मैलांना मुदत होती. संपली. एकट्यासाठी गोळा केलेच नव्हते ते."

मला वाटलं, आता निरोप घ्यावा. पण सर घुटमळले. नळाकडं बघत म्हणाले, "मंगलताई, एक विचारू? राग नका मानू. त्या दिवशी विमानात खिडकीशी कोण बसलं होतं?"

"आई."

"मग काय दिसलं?"

मी नळ बंद करून बाटलीचं झाकण लावलं.

"ती नेहमी म्हणायची," सर म्हणाले, "मंगलला विचारू नका, तिला सुनीलची आठवण येईल. म्हणून राहून गेलं. पण तिला फार उत्सुकता होती. वरून शेवगाव दिसत असेल का म्हणायची."

काय सांगणार होते मी? आई जाताना सबंध वेळ डोळे गच्च मिटून माझा हात धरून बसली होती. येताना तर विचारूच नका. मी कमरेच्या पट्ट्याच्या चापाकडं बघत होते. आमच्या खिडकीचं झाकण खाली ओढलेलं होतं आणि आम्ही दोघींपैकी कुणी ते वर केलंच नाही. जाताना नाही आणि येतानाही नाही. त्या दोघांनी वर्षानुवर्षं लोकांच्या लग्नांतून फिरून मिळवलेली ती खिडकी आम्ही उघडलीसुद्धा नव्हती.

"ढग होते सर, खाली," मी म्हटलं. "पिंजलेल्या कापसासारखे. आणि मग शेतं दिसली. लहान लहान चौकोन."

"हिरवी?"

"काही हिरवी. काही नांगरलेली."

"आणि नदी?"

"नदी होती एक. ऊन पडलं होतं तिच्यावर."

सर ऐकत होते, मान किंचित तिरकी करून. मी सांगत गेले. डोंगर सांगितले, रस्ते सांगितले, काड्यापेटीएवढी घरं सांगितली. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. ते कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "असं होय. बरं झालं सांगितलंत." त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

तेवढ्यात नगरची गाडी लागली. लोक दाराकडं धावले. सर सावकाश गाडीच्या कडेनं चालत तिसऱ्या खिडकीशी गेले, टाचा उंच केल्या आणि रुमाल आत टाकला. मग हात मागं बांधून उभे राहिले. सगळ्यांच्या शेवटी चढले. खिडकीच्या सीटवर रुमाल तसाच होता. सर त्याच्या शेजारी बसले आणि रुमाल उचलला नाही.

गाडी गच्च भरली होती. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई त्यांच्यापाशी येऊन थांबली आणि तिनं रुमालाकडं बोट करून काहीतरी विचारलं. गलक्यात मला ऐकू आलं नाही. सर क्षणभर बसून राहिले. मग त्यांनी रुमाल उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि उठून तिला आत खिडकीशी जायला वाट करून दिली. गाडी निघाली तेव्हा ते लेकरू खिडकीच्या गजांना धरून उभं होतं आणि बाहेर जे दिसेल ते डोळे फाडून बघत होतं.